सायकलवरून उतरवणारी चित्रं

आमचे आप्पा बोर्ड रंगवायचे. कऱ्हाडात, पिठाच्या गिरणीला लागून असलेल्या पत्र्याच्या शेडमध्ये. किराणा, केशकर्तनालय, 'येथे शेवया करून मिळतील', आणि निवडणूक आली की दोन्ही पक्षांच्या भिंती, एकाच आठवड्यात, त्याच ब्रशांनी. हाताखाली येणाऱ्या प्रत्येक पोराला ते पहिल्या दिवशी एकच नियम सांगत: बोर्ड वाचायला माणसाला सायकलवरून उतरावं लागलं, तर बोर्ड फसला. मग खडूत बुडवलेली सुतळी दोन टोकांना ताणायची, मध्ये टिचकी मारायची. पांढरी रेघ उमटायची आणि तिच्यावर अक्षरं उभी राहायची. जाड, थोडकी, लांबून दिसणारी.

आप्पांना जाऊन बरीच वर्षं झाली. त्यांचा नियम मला पुन्हा आठवला तो आफ्रिकेतल्या काँगोच्या राजधानीतल्या, किन्शासातल्या एका पेंटरमुळे, आणि तोही त्यानं नियम पार उलटा केला म्हणून.

त्याचं नाव शेरी सांबा. जन्म १९५६ चा, काँगोच्या पश्चिम भागातल्या एका खेड्यातला, बाप लोहार. १९७२ मध्ये पोरगा राजधानीत आला आणि कासा-वुबू अव्हेन्यूवरच्या बोर्ड पेंटरांच्या हाताखाली लागला. तीन वर्षांत स्वतःचं दुकान थाटलं. बोर्ड रंगवायचा, जोडीला एका मासिकासाठी चित्रकथा काढायचा आणि उरलेल्या वेळात स्वतःची चित्रं करून दुकानाबाहेर टांगायचा. तिथे त्याच्या ध्यानात एक गोष्ट आली. माणसं चित्राकडे नजर टाकतात आणि चालू लागतात. चित्रात मजकूर लिहिला तर मात्र थांबावं लागतं, कारण वाचायला वेळ लागतो. म्हणून त्यानं चित्रातच लिहायला सुरुवात केली. फ्रेंचमध्ये, लिंगाला या तिथल्या भाषेत, कधी पात्रांच्या तोंडून निघणाऱ्या फुग्यात तर कधी आकाशात सरळ परिच्छेदच. पुढे या पद्धतीला तो स्वतःच्या नावाची छाप म्हणू लागला.

आप्पांनी डोक्याला हात लावला असता. एवढा मजकूर!

पण दुकानाबाहेर उभं राहून लोकांच्या पावलांकडे बघत बसणं, कोण कुठे अडखळतं, कुणाची मान वळते, कोण सोबत्याला कोपरानं ढोसून 'हे वाच' म्हणतं, ही विद्या दोघांचीही एकच. ती चित्रकलेच्या शाळेत शिकवत नाहीत. आप्पा नवा बोर्ड चढवला की समोरच्या चहाच्या टपरीवर अर्धा तास बसायचे. चहासाठी नव्हे.

सांबाचं एकही मूळ चित्र मी समोर उभं राहून पाहिलेलं नाही, पुस्तकांत आणि पडद्यावरच पाहिलंय. तरी त्याच्या शहरात मी कितीतरी संध्याकाळी घालवल्यात असं वाटतं. १९८८ सालचं एक चित्र आहे, एड्सविरोधी मोहिमेला पाठिंबा देणाऱ्या मोर्चाचं. आज ते पॅरिसच्या पाँपिदू कलाकेंद्राच्या संग्रहात आहे. ज्या आजाराचं नाव लोक हळू आवाजात घेत होते, त्याला त्यानं भर रस्त्यात, उन्हात, फलक हातात देऊन चालवलं. सांबा असाच. नवरा-बायकोची भांडणं, पुढारी, फसवणूक, लाज, सगळं चव्हाट्यावर. आणि या सगळ्यात तो स्वतः, नीटनेटक्या कपड्यांत, कधी साक्षीदार म्हणून तर कधी आरोपी म्हणून. पुढेपुढे तर जवळजवळ प्रत्येक चित्रात तोच दिसू लागला. याचा मला क्वचित कंटाळा येतो, हे लपवत नाही. पण विचारलं तर त्याच्याकडे उत्तर तयार असणार, आणि तेही चित्रातच लिहिलेलं असणार.

आपल्या या चित्रांना लोकांची चित्रकला का म्हणायचं, हेही त्यानंच सांगून ठेवलंय: ती लोकांतून येते, लोकांबद्दल बोलते, लोकांशी बोलते. बाहेरून आलेल्या पंडितांनी 'भाबडी', 'अशिक्षित' वगैरे लेबलं चिकटवण्याआधीच त्यानं आपली पाटी आपण रंगवून टाकली. बोर्ड पेंटर तो!

या पाट्या ज्या शहरात लटकत होत्या त्याबद्दल थोडं सांगायला हवं. १९६० मध्ये काँगो बेल्जियमपासून सुटला तेव्हा हे शहर चार लाखांच्या आसपास होतं आणि त्याचं नाव लिओपोल्डविल, म्हणजे राजा लिओपोल्डच्या नावानं. १९६६ मध्ये किन्शासा झालं. आज दीड कोटीच्या पुढे गेलंय. मधली बत्तीस वर्षं, १९६५ ते १९९७, हुकूमशहा मोबुतूची. त्यानं देशाचं नाव झाईर केलं, माणसांची ख्रिस्ती नावं काढून घेतली आणि तिजोरी स्वतःकडे ठेवली. १९९१ च्या सप्टेंबरात तर पगारावरून बिथरलेल्या सैनिकांनीच शहर लुटलं आणि लोकही त्यात सामील झाले. लोक आपल्या शहराला लाडानं 'किन ला बेल' म्हणायचे, सुंदर किन. मग कचरा उचलणं बंद झालं तेव्हा यमक तसंच ठेवून ते 'किन ला पुबेल' झालं, म्हणजे कचरापेटी किन. आणखी एक शब्द तिथे कुणाच्याही तोंडी असतो: कलम पंधरा. घटनेतलं कल्पित कलम, ज्यात म्हणे एकच वाक्य आहे: तुमचं तुम्ही बघा. आपल्याकडे बायका 'भागवायचं कसंतरी' म्हणतात, त्याचाच हा सरकारी तर्जुमा.

आता मोके, किन्शासाचाच दुसरा पेंटर. मला विचाराल तर या सगळ्यांत माझा जीव त्याच्यावर जास्त.

मोके १९५० चा, खेड्यातून लहानपणीच किन्शासात येऊन पडलेला. सुरुवातीला कॅनव्हास कुठला? पिठाच्या पोत्याच्या कापडावर रंगवायचा. (आमच्या शेडला गिरणी लागून होती. पिठाची पोती झटकून, धुऊन, वाळवून आम्ही त्यांची पायपुसणी करायचो.) १९६५ मध्ये, पंधरा वर्षांचा असताना त्यानं बुलेव्हार्डवरून जाणाऱ्या मोबुतूच्या मिरवणुकीचं चित्र काढलं. इथून तो शहराचा वार्ताहर झाला. स्वतःला तसंच म्हणवून घ्यायचा. १९७४ च्या ऑक्टोबरात किन्शासात मुहम्मद अली आणि जॉर्ज फोरमनची बॉक्सिंगची लढत झाली, तीही त्यानं रंगवली.

पण त्याची खरी बातमी म्हणजे संध्याकाळ. बार, टेबलावर बिअरच्या बाटल्या, मागे वाजंत्री, दिव्यांच्या माळा, एकमेकांना खेटून नाचणारी जोडपी. मोकेची माणसं देखणी नाहीत. डोकी मोठी, डोळे टपोरे, ओठ रंगानं जाड भरलेले. आणि सगळी एकदम दिसतात, मागच्या रांगेतला शेवटचा माणूससुद्धा. जत्रेतल्या फोटोग्राफरनं 'जरा सरका, सगळे आले पाहिजेत' म्हटल्यावर सरकतात तशी. रात्रीचं चित्र असूनही अंधार कुठेच नाही. मी कितीदा तरी एखाद्या चित्रात एकटा बसलेला कुणी शोधलाय. सापडतो कधीमधी, पण त्याच्याही टेबलावर दोन बाटल्या असतात, म्हणजे दुसरा आत्ताच नाचायला उठलाय.

२००१ मध्ये मोके गेला. तोवर त्यानं रंगवलेले कित्येक बार बंद पडले होते. काँगोच्या रुंबा संगीताला युनेस्कोनं अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतलं ते २०२१ साली. मोके असता तर त्याला त्या दिवसाचं चित्र करायला वेळ लागला नसता, कारण ते आधीच काढून झालेलं होतं.

किन्शासातल्या या पेंटरांत एक शेरी शेरँ आहे. 'शेरँ' हे त्याचं स्वतःच घडवलेलं नाव, आणि त्यातली अक्षरं फ्रेंच शब्दांच्या सुरुवातीची: निर्माता, असामान्य, अभिव्यक्तिवादी, लक्षणीय, अतुलनीय. आप्पा बोर्डाच्या कोपऱ्यात मुंगीएवढ्या अक्षरांत 'आर्ट्स' लिहायचे तर मला केवढा अभिमान!

किन्शासापासून दीड हजार किलोमीटरवर, तांब्याच्या खाणींच्या लुबुंबाशीत, अशीच चित्रं होत होती, पण तिथे ती रस्त्यापेक्षा घरात असत. खाणकामगारांच्या, कारकुनांच्या बैठकीच्या खोलीत. चित्रकार दारोदार हिंडून विकायचे. विषय ठरलेले होते, आणि त्यातला एक माझ्या मनातून जात नाही. त्याला 'बेल्जियन वसाहत' म्हणत. तुरुंगाचं आवार, पिवळ्या-काळ्या पट्ट्यांचे कपडे घातलेले कैदी, एकाला जमिनीवर पालथा पाडलेला, शिपाई पाणघोड्याच्या कातड्याचा चाबूक उगारून उभा, आणि बाजूला गोरा अधिकारी बघतोय. हे चित्र लोक पैसे देऊन घेत आणि सोफ्याच्या वर टांगत. पाहुणे आले की त्याखाली बसून चहा घेत.

असं चित्र कुणी घरात का लावेल, हा प्रश्न मला पडला तेव्हा मी आमच्या घरातल्या भिंती आठवल्या. देव, शिवाजी महाराज, हार घातलेले आजोबा, एका कोपऱ्यात स्वित्झर्लंडचं कॅलेंडर. मार खाल्लेला माणूस कुठेच नाही. आमच्या आजोबांनीही कुणाच्या तरी वाड्यावर मार खाल्लेला होता. ही गोष्ट घरात एकदाच, आणि तीही कुजबुजत सांगितली गेली. लुबुंबाशीच्या लोकांकडे यासाठी स्वाहिलीतला एक शब्द होता: उकुंबुशो, म्हणजे आठवण करून देणारी वस्तू. चित्र चांगलं की वाईट हे ते डोळ्यांनी ठरवत नसत. ते आठवण जागी करतं का आणि त्यावर बोलणं सुरू होतं का, एवढंच बघत. पोरानं विचारलं पाहिजे, 'हा कोण?' मग कुणीतरी सांगितलं पाहिजे.

या चित्रकारांत चिबुंबा कांडा-मातुलू नावाचा एक जण होता. १९७३-७४ मध्ये तिथे शिकवणाऱ्या योहानेस फाबियन या मानववंशशास्त्रज्ञाच्या दारी तो चित्रं विकायला गेला आणि बोलता बोलता म्हणाला, मला सगळ्या देशाचा इतिहास रंगवायचाय. फाबियननं चित्रं विकत घ्यायचं कबूल केलं. चिबुंबानं शंभरावर चित्रं केली. वसाहतीआधीपासून पहिला पंतप्रधान लुमुंबा याच्या हत्येपर्यंत आणि त्यापुढे भविष्यकाळही. प्रत्येक चित्राबरोबर तो इतिहास तोंडी सांगायचा आणि फाबियन टेपवर घ्यायचा. आपण चित्रकार असलो तरी इतिहासकारही आहोत, याविषयी त्याच्या मनात शंका नव्हती. १९८१ नंतर त्याचा माग लागत नाही. चित्रं आहेत, आवाज आहे, माणूस नाही.

बैठकीच्या खोलीतला दुसरा आवडता विषय होता जलपरी. गोरी, लांब केसांची, कमरेखाली मासा, आणि मनगटावर घड्याळ. ती पैसा देते, पण बदल्यात काहीतरी मागते, आणि ते कुणाला सांगायचं नसतं. पश्चिम आफ्रिकेच्या किनाऱ्यावर तिला मामी वाटा म्हणतात. या मामी वाटाच्या रूपामागे एका कॅलेंडरासारख्या छापील चित्राचा मोठा हात आहे: १८८० च्या दशकात जर्मनीतल्या हाम्बुर्गला छापलेली, गळ्यात साप घेतलेली एक गारुडीण. ते चित्र खलाशी-व्यापाऱ्यांच्या हातून आफ्रिकेत पोचलं आणि लोकांनी तिच्यात आपली पाण्याची देवता ओळखली. पुढे प्रती मिळेनात. तेव्हा घानातल्या कुमासीच्या व्यापाऱ्यांनी नमुना पाठवला तो कुठे? मुंबईला! १९५५ मध्ये मुंबईच्या श्री राम कॅलेंडर कंपनीनं ते चित्र दहा बाय चौदा इंची आकारात पुन्हा छापलं, बारा हजार प्रती, आणि त्या कुमासीला रवाना झाल्या. हे वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून बसले. आप्पांच्या शेडमध्ये मुंबईहून आलेली देवादिकांची कॅलेंडरं नमुना म्हणून टांगलेली असत. लक्ष्मीचे हात, सरस्वतीची वीणा ते तिथूनच उचलत. त्याच मुंबईतल्या कुठल्यातरी छापखान्यात, त्याच शाईत, समुद्रापलीकडची देवी छापली जात होती, आणि यंत्र चालवणाऱ्याला बहुधा ती नागपंचमीची वाटली असेल.

तिसरा विषय तर आपल्याला पाहताक्षणी ओळखीचा वाटतो. एक माणूस पाण्यावर झुकलेल्या झाडावर चढलाय. खाली नदीत मगर, काठावर सिंह, फांदीवर साप. लिंगालात याला इनाकाले म्हणतात. महाभारताच्या स्त्रीपर्वात विदुर धृतराष्ट्राला विहिरीत लोंबकळणाऱ्या माणसाचा दृष्टांत देतो तो आठवा: तळाशी नाग, वर हत्ती, मुळं कुरतडणारे उंदीर. पण आपल्या माणसाच्या तोंडात मधाचा थेंब पडत असतो, आणि त्या थेंबापायी तो बाकी सगळं विसरतो. इनाकालेत मध नाही. तो माणूस काहीही विसरलेला नाही.

आणि मग १९८९ साल. पॅरिसला एक मोठं प्रदर्शन भरलं, 'पृथ्वीचे जादूगार' अशा अर्थाच्या नावाचं, त्यात सांबा झळकला आणि जग त्याला ओळखू लागलं. त्यानंतर संग्राहक, दलाल, लिलाव. २०१५ मध्ये पॅरिसच्याच फाउंडेशन कार्तिएमध्ये काँगोच्या नव्वद वर्षांच्या कलेचं प्रदर्शन झालं. चित्रकाराला पैसा मिळाला, याचं मला वाईट वाटत नाही. पेंटरच्या मुलीला तरी वाटू नये. पण ज्या वाटसरूला थांबवायला मजकूर लिहिला होता, तो आता चित्रासमोर नाही. समोर आहे तिकीट काढून आलेला माणूस, आणि तो तर थांबायलाच आलाय. सांबाला हे कळत नव्हतं असं नाही. १९९७ मध्ये त्यानं 'आपल्या कलेचं भवितव्य काय?' असं विचारणारी तीन चित्रांची मालिका केली. त्यात तो पिकासोच्या शेजारी बसलाय, पुढ्यात आफ्रिकी मुखवटे. मजकुराचा आशय असा की फ्रान्सनं स्वीकारलं म्हणजे जगानं स्वीकारलं म्हणतात, आणि फ्रान्स म्हणजे आधुनिक कलेचं संग्रहालय. पण ते संग्रहालय वंशवादी तर नाही ना? हा प्रश्न त्यानं विचारला तो अर्थात त्याच संग्रहालयांच्या भाषेत, तिथल्या भिंतीवर वाचला जावा म्हणून. गिऱ्हाईक बदललं तरी पाटी कुठून वाचली जाणार, याचा अंदाज सुटलेला नाही.

मी स्वतः समोर उभी राहून पाहिलं ते एकाच किन्शासाकराचं काम. २०१८ च्या उन्हाळ्यात आम्ही लेकीकडे न्यू जर्सीला होतो. शुक्रवारी संध्याकाळी न्यूयॉर्कच्या मोमा संग्रहालयात तेव्हा सगळ्यांना प्रवेश फुकट असायचा, म्हणून तिनं आम्हाला नेलं. आत बॉडिस इसेक किंगेलेझचं प्रदर्शन होतं. हा १९४८ चा, गेला २०१५ मध्ये. आधी शिक्षक, मग पुठ्ठा, कात्री आणि डिंक घेऊन घरं करू लागला. पहिलं काम घेऊन किन्शासातल्या संग्रहालयात गेला तर तिथल्या लोकांना ते त्यानं केलंय हे पटेना. समोर बसून दुसरं करून दाखवलं तेव्हा त्याला वस्तू दुरुस्त करायच्या कामावर ठेवून घेतलं. नंतर आयुष्यभर शहरंच केली. पुठ्ठा, रंगीत कागद, प्लॅस्टिक, बाटल्यांची बुचं, शीतपेयांचे डबे, दात कोरायच्या काड्या. आपल्या जन्मगावाचंही त्यानं असं एक शहर केलं, गगनचुंबी इमारती आणि स्टेडियमसकट. एड्सच्या रुग्णांसाठी इस्पितळ केलं, लग्नाच्या केकसारखं झळझळीत.

मधोमध होतं 'व्हिल फँटोम', १९९६ चं, जवळजवळ पावणेसहा मीटर लांब. मनातलं शहर म्हणा. किंगेलेझ सांगायचा की तिथे पोलीस नाहीत, सैनिक नाहीत, डॉक्टरही नाहीत. ज्या वर्षी त्यानं हे केलं त्या वर्षी किन्शासात यांतलं काय होतं आणि काय नव्हतं, हे आठवलं की हसावं की रडावं कळत नाही. आमचे हे दोनदा प्रदक्षिणा घालून आले आणि म्हणाले, "यात राहतं कोण?" खरंच, एकही माणूस नव्हता. मोकेच्या चित्रात माणसांना पाय ठेवायला जागा नाही, आणि इथे एवढे रुंद रस्ते, पूल, चौक, सगळं धुतल्यासारखं रिकामं. शहर तयार होतं, लोक यायचे होते.

मी मात्र दुसरंच काही बघत होते. इमारतींवर पाट्या होत्या. बारीक, हातानं कातरलेली अक्षरं. नावं, शहरं, देश. आप्पांनी काम सोडल्यावर, फ्लेक्स आल्यावर, एसटीच्या खिडकीत बसून ते रस्त्यावरची प्रत्येक पाटी मोठ्यानं वाचायचे, ऱ्हस्व-दीर्घाच्या चुकांसकट, आणि आम्ही दुसरीकडे बघायचो. आता मी तेच करत होते. एकेक मजला, एकेक शब्द, फ्रेंच येत नसताना, अक्षर लावून लावून. कोपऱ्यात कुठे करणाऱ्याचं नाव दिसतंय का म्हणून वाकले. आणखी वाकले. तेवढ्यात खांद्याजवळ गणवेशातली एक बाई येऊन उभी राहिली आणि अगदी मऊ आवाजात म्हणाली की मॅडम, एक पाऊल मागे घ्या.

मी घेतलं. तिथून अक्षरं लागत नव्हती.